युरोप आडवा पार करायचाय? ट्रान्सकॉन्टिनेंटल रेसची तयारी, नवख्यांसाठी

ट्रान्सकॉन्टिनेंटल रेस, म्हणजे सायकलवाल्यांच्या तोंडी टीसीआर, ही युरोपच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची साधारण चार हजार किलोमीटरची शर्यत आहे. मागे गाडी नाही, मेकॅनिक नाही, पाय चेपून देणारं कुणी नाही. टप्पेही नाहीत. घड्याळ एकदा सुरू झालं की तुम्ही शेवटच्या ठिकाणी पोचेपर्यंत थांबत नाही. जेवलात, झोपलात, पंक्चर काढत बसलात तरी ते चालूच असतं. रस्तासुद्धा आयोजक देत नाहीत. मध्ये तीन-चार चेकपॉइंट असतात, तिथे जाऊन ब्रेव्हे कार्डावर, म्हणजे स्पर्धकाच्या नोंदपत्रावर, शिक्का घ्यायचा. एका चेकपॉइंटपासून दुसऱ्यापर्यंत कसं जायचं, ते तुमचं तुम्ही ठरवायचं.

ब्रिटिश सायकलपटू माइक हॉल यांनी २०१३ मध्ये ही शर्यत सुरू केली. पहिली लंडनहून निघून इस्तंबूलला संपली. पुढे मार्ग बदलत गेला: २०१९ मध्ये बल्गेरियातल्या बुर्गासहून फ्रान्समधल्या ब्रेस्टला, २०२३ मध्ये बेल्जियममधल्या गेरार्ड्सबर्गेनहून ग्रीसमधल्या थेसालोनिकीला, २०२४ मध्ये फ्रान्समधल्या रुबेहून इस्तंबूलला. हॉल २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अशाच एका शर्यतीत कॅनबेराजवळ गाडीच्या धडकेत गेले. त्याच वर्षी टीसीआरच्या पहिल्याच रात्री एका स्पर्धकाचाही रस्त्यावर मृत्यू झाला. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढे झोप आणि रस्त्याच्या निवडीबद्दल मी थोडा कटकट्या वाटेन.

आपल्याकडे रॅमचं, म्हणजे रेस अक्रॉस अमेरिका या शर्यतीचं, नाव जास्त माहीत आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने पूर्ण केली. पण रॅममध्ये मागे गाड्या आणि माणसांचा ताफा असतो. कधी खायचं, कधी झोपायचं हे तो ताफा ठरवतो. टीसीआरमध्ये ही सगळी डोकेफोड स्वारानेच करायची. म्हणून मी नवख्यांना आधी वेगाबद्दल विचारत नाही. दिवसातून किती वेळ तुमची सायकल उभी असते, हे विचारतो.

हिशेब करून बघा. शेवटच्या ठिकाणची पार्टी सुरुवातीनंतर साधारण पंधरवड्याने असते आणि ती गाठायची असं बहुतेकांचं ध्येय असतं. चार हजार किलोमीटर पंधरा दिवसांत म्हणजे रोज सुमारे २६७. सामानासह सरासरी ताशी २१ पडली तर पावणेतेरा तास सायकल चालते, सव्वाअकरा तास हातात राहतात. ऐटीत जमेल असं वाटतं. डोंगरात सरासरी १७ वर आली की मात्र चालवायलाच पंधरा तास चाळीस मिनिटं लागतात. पाच तास झोप धरली की उरले सव्वातीन-साडेतीन तास. वीस-वीस मिनिटांचे दहा थांबे घेतलेत की तेही संपले. कॉफी, पाणी, एक फोटो, चार्जर शोधणं, जर्सी बदलणं यांतच शर्यत निसटते. म्हणून तयारीत पाय मजबूत करण्याइतकंच थांबे आटोपशीर करण्यावर लक्ष द्या.

पायरी १: नियम आधी वाचा, आणि नातेवाइकांनाही वाचून दाखवा

गाभा एका वाक्यात असा: जे सगळ्या स्पर्धकांना विकत मिळू शकतं तेच तुम्ही घ्यायचं. दुकान, हॉटेल, सायकल दुरुस्ती चालते. ओळखीचा माणूस चालत नाही. म्युनिकला मावसभाऊ राहतो आणि त्याने वाटेत पिठलं-भाकरी आणून दिली, तर भाऊ प्रेमळ आणि तुम्ही बाद. घरून कुणी हॉटेल बुक करून देणं हीसुद्धा मदतच. दुसऱ्याच्या चाकामागे वारा चुकवत जायचं नाही. रेल्वे, बस, लिफ्ट नाही. सायकल मोडली आणि दुरुस्तीसाठी गाडीने शहरात गेलात, तर जिथे रस्ता सोडला तिथेच परत येऊन पुढे निघायचं. हेल्मेट, दिवे, विमा बंधनकारक. नियमपुस्तिका दरवर्षी थोडी बदलते. फेरीबोटींबद्दल आणि बंदी असलेल्या रस्त्यांबद्दलचा भाग दोनदा वाचा.

प्रत्येकाजवळ ट्रॅकर असतो आणि जगभरातून लोक नकाशावर ठिपके बघत बसतात. घरचेही बघणार. रात्री दोनला ठिपका तीन तास एका जागी आहे म्हणून आईचा फोन येऊ नये, यासाठी निघण्याआधी घरी बसून समजावा: थांबलेला ठिपका म्हणजे बहुतेक वेळा झोपलेला माणूस, आणि कधीकधी ट्रॅकरची बॅटरी.

पायरी २: पाया इथेच घाला

महाराष्ट्रात राहणाऱ्याला याची उत्तम शाळा घराजवळ आहे, ती म्हणजे बीआरएम, ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूर इथले क्लब ऑडॅक्स इंडिया या संस्थेच्या नियमांनुसार त्या घेतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. चारही एका मोसमात पूर्ण केल्या की सुपर रँडोनर. टीसीआरचा अर्ज भरण्याआधी हा किताब आणि शक्यतो एखादी १००० किंवा १२०० ची राइड हातात असावी असं माझं मत. अर्ज जागांपेक्षा कितीतरी जास्त येतात आणि अनुभव विचारला जातो.

पण बीआरएम एक गोष्ट शिकवत नाही: चौथा दिवस. ६०० किलोमीटर माणूस जिद्दीवर काढतो आणि घरी येऊन पालथा पडतो. इथे चौथ्या दिवशी सकाळी, सुजलेल्या पावलांनी, ओली चड्डी घालून पुन्हा २५० करायचे असतात. त्यासाठी सलग चार-पाच दिवसांची, पूर्ण सामानासह, एकट्याची सफर करा. रेवदंड्यापासून गोव्यापर्यंतचा सागरी महामार्ग मला यासाठी सगळ्यांत आवडतो. एकही मोठा घाट नाही, पण दर खाडीनंतर चढ, त्यामुळे दिवसाअखेर चढाईची बेरीज बघून तोंड उघडंच राहतं. शिवाय आगरदांडा–दिघी, वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड या फेरीबोटी आहेत. शेवटची बोट चुकली तर खाडीला लांबलचक वळसा किंवा धक्क्यावर मुक्काम. वेळापत्रक डोक्यात ठेवून चालवणं म्हणजे काय, ते इथे फुकटात शिकायला मिळतं.

लांब चढांसाठी वाईहून पसरणी घाट चढून पुढे महाबळेश्वर, किंवा आंबोली, एकाच दिवसात दोनदा. आल्प्समधले चढ बरेचदा तास-दीड तास, कधी दोन तास चालतात. तेवढा वेळ एका लयीत चढणं हे वेगळं कसब आहे आणि सिंहगड एकदा जीव खाऊन मारल्याने ते येत नाही.

एकट्याने लांब जाण्याच्या मानसिक बाजूबद्दल शंका असेल, तर पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचं उदाहरण बघा. तिने २०१८ मध्ये विसाव्या वर्षी, बहुतांश एकटीने, सुमारे २९ हजार किलोमीटरची जगप्रदक्षिणा केली. आणि २०१९ ची टीसीआर फियोना कोल्बिंगर या चोवीस वर्षांच्या जर्मन कर्करोग संशोधक मुलीने पहिल्याच प्रयत्नात, सगळ्या पुरुषांना मागे टाकत जिंकली: १० दिवस, २ तास, ४८ मिनिटं. एका चेकपॉइंटवर ती पियानो वाजवत बसली होती. थांबे कमी करा याचा अर्थ चेहरा आंबट करा असा नाही.

पायरी ३: व्हिसा, विमा, विमान

युरोपीय स्पर्धकाला ज्याचा विचारही करावा लागत नाही ते आपल्याला सगळ्यांत आधी करावं लागतं. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठीचा सामाईक व्हिसा) एकापेक्षा जास्त प्रवेशांचाच मागा. बाल्कन भागात सर्बिया, बॉस्निया, माँटेनेग्रो, अल्बानिया, उत्तर मॅसेडोनिया हे शेंगेनबाहेर आहेत. क्रोएशियातून बॉस्नियात जाऊन परत क्रोएशियात आलात की तो दुसरा प्रवेश झाला. एकेरी व्हिसावर तुम्ही सीमेवरच अडकाल. यांतले बरेच देश वैध बहुप्रवेशी शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना थोड्या दिवसांसाठी सोडतात, पण अटी बदलतात. मार्ग पक्का झाला की प्रत्येक दूतावासाचं पान स्वतः तपासा. तुर्कस्तानचा ई-व्हिसा वेगळा काढावा लागतो. सीमाचौकीसुद्धा आधी बघून ठेवा. काही छोट्या चौक्या फक्त स्थानिक लोकांसाठी असतात.

शेंगेनसाठी ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, पण साध्या प्रवासविम्यात स्पर्धेतली दुखापत अनेकदा वगळलेली असते. पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचा आणि शंका असेल तर लेखी उत्तर घ्या.

सायकल पुठ्ठ्याच्या खोक्यात न्या. महागडी हार्ड केस घेऊ नका, कारण सुरुवात एका देशात आणि शेवट दुसऱ्या; केस कुठे ठेवणार? पॉवर बँक केबिनच्या पिशवीत. घरचे पेढे आणि तुपातले लाडू मात्र घरीच ठेवा: युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत. गूळ-शेंगदाण्याची चिक्की चालते, आणि पहिल्या रात्री ती अमृतासारखी लागते.

पायरी ४: रस्ता आखणं, म्हणजे अर्धी शर्यत

चेकपॉइंट काही महिने आधी जाहीर होतात. प्रत्येकाला जोडून एक सक्तीचा पट्टा असतो, बहुधा एखादा अवघड घाट किंवा खडीचा रस्ता. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडची फुर्का खिंड, डोलोमाइट्समधली पासो जाऊ आणि माँटेनेग्रोतला दुर्मितोर होता. २०१७ मध्ये रुमानियाचा ट्रान्सफागाराशान. उरलेले तीन-साडेतीन हजार किलोमीटर तुमचे.

नवखे सगळ्यांत जवळचा रस्ता शोधतात. २०१७ मध्येच बघा: इटलीतल्या माँटे ग्राप्पाहून स्लोव्हाकियातल्या टाट्रा पर्वताकडे जायचं होतं. एक वाट ऑस्ट्रियाचे डोंगर ओलांडत सरळ, दुसरी स्लोव्हेनिया आणि हंगेरीच्या सखल भागातून वळसा घेत. दमलेल्या पायांनी आणि भरलेल्या सायकलने कुठली वाट आधी पोचवेल, हे किलोमीटरवरून कळत नाही. चढाईची बेरीज, रस्त्याचा दर्जा, वाहतूक आणि दुकानं हे सगळं मांडावं लागतं.

कोमूट किंवा राइडविथजीपीएस या मार्ग आखायच्या ॲपवर पहिली रेघ मारा, मग ती रेघ तुकड्या-तुकड्याने उपग्रह चित्रावर तपासा. ही साधनं बिनदिक्कत शेतातल्या पायवाटेवर घालतात. पूर्व युरोपात तर नकाशावरचा पिवळा रस्ता प्रत्यक्षात दगडगोट्यांचा निघू शकतो. स्ट्रीट व्ह्यूमध्ये डांबर दिसतंय ना, ते बघा. स्ट्राव्हा ॲपच्या हीटमॅपवर स्थानिक सायकलवाले कुठून जातात ते दिसतं; त्यांनी टाळलेला रस्ता तुम्हीही टाळा. बोगदे वेगळे नोंदवा. अनेकांत सायकलला बंदी असते आणि जिथे नसते तिथे अंधारात ट्रक मागे घेऊन जाणं मी तरी कुणाला सुचवणार नाही.

आणखी एक: मोठ्या रस्त्यांवर कुठल्या वेळी पोचाल ते बघा. बाल्कनमधला जो हमरस्ता दुपारी चारला जीवघेणा असतो, तोच पहाटे पाचला रिकामा. पहिले दोन दिवस वेळेनुसार आखता येतात. त्यानंतरचं वेळापत्रक कोलमडतंच, म्हणून धोकादायक तुकड्यांना पर्यायी वाट आधीच यंत्रात भरून ठेवा.

वाहतूक उजवीकडून, हे विसरू नका. दिवसा आठवतं. पहाटे, रिकाम्या चौकात, झोपेत डावं वळण घेताना विसरायला होतं. हँडलवर एक बाण चिकटवा.

पायरी ५: सायकल आणि सामान

यावर लोक वर्षभर वाद घालतात. मी थोडक्यात आटोपतो. ३० ते ३५ मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर. सर्वांत हलका गिअर किमान एकास एक, म्हणजे पुढे ३४ तर मागे ३४ किंवा ३६. वीस किलोमीटर चढल्यावर कुणी तुमचा गिअर बघून हसत नाही. एरोबार, म्हणजे कोपर टेकवायचे पुढचे दांडे, घ्या, वाऱ्यासाठी कमी आणि तळहातांना विश्रांतीसाठी जास्त. पुढच्या चाकात डायनॅमो हब, म्हणजे चाक फिरताना वीज बनवणारा हब, असेल तर दिव्याची चिंता मिटते, पण चढावर वेग पडला की चार्जिंग जवळजवळ थांबतं, म्हणून पॉवर बँक हवीच.

तुमच्या फ्रेमचं डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, जवळ ठेवा. ट्यूब कुठल्याही गावात मिळेल, तुमच्या मॉडेलचं हँगर मिळणार नाही. ब्रेक पॅडचा एक जास्तीचा जोड, चेनची क्विक लिंक, ट्यूबलेस प्लग, दोन ट्यूब, टायर फाटला तर आतून लावायचा तुकडा. कपडे दोन जोड पुरतात. पावसाचं जाकीट आणि गरम हातमोजे ऑगस्टमध्येही घ्या: दुपारी खाली ३८ अंश असताना अडीच हजार मीटरवरच्या खिंडीतून रात्री उतरताना दात वाजतात. चमकदार जाकीट फ्रान्स आणि इटलीत गावाबाहेर रात्री कायद्यानेच लागतं. तुम्ही सगळीकडे घाला.

महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक वस्तूची जागा ठरवा आणि सरावाच्या सगळ्या राइडना ती तिथेच ठेवा. पावसात, अंधारात, डोळे मिटत असताना हेडलॅम्प कुठल्या पिशवीत आहे हे हाताला कळलं पाहिजे.

पायरी ६: खाणं आणि पाणी

दिवसाला सहा ते आठ हजार कॅलरी जळू शकतात आणि तेवढं खाणं अशक्यच. तरी दर तासाला काहीतरी पोटात गेलं पाहिजे. जेल आणि पावडर विसरा. तिसऱ्या दिवशी ते बघवत नाहीत. पेट्रोल पंपांवरचं, बेकऱ्यांमधलं खाऊन जगायची सवय लावा.

दुकानांच्या वेळा हा इथला खरा घाट. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी सुपरमार्केट बंद. मग आधार पेट्रोल पंप आणि मोठ्या रेल्वे स्थानकांतल्या दुकानांचा. फ्रान्समध्ये लहान गावात दुपारी सगळं शटर खाली. इटली-स्पेनमध्येही दुपार झोपेची. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी फ्रेम बॅग भरून घ्या आणि मोठ्या घाटाच्या आधीचं शेवटचं दुकान नकाशावर खूण करून ठेवा.

पाण्यासाठी फ्रान्समध्ये दफनभूमी शोधा. फुलझाडांसाठी तिथे बहुधा नळ असतो, आणि जवळजवळ प्रत्येक गावाला दफनभूमी असते. "पिण्यायोग्य नाही" अशी पाटी असेल तर मात्र सोडा. स्वित्झर्लंडमध्ये गावागावांत वाहती कारंजी आहेत, बाल्कनमध्ये रस्त्याकडेला झऱ्यांना तोटी बसवलेली असते.

शाकाहारींचे हाल होतात असं ऐकलं असेल. तितके होत नाहीत. फ्रान्समध्ये बेकरी, इटलीत मार्गारीटा पिझ्झा, तुर्कस्तानात मसूरीचं सूप म्हणजे मर्जिमेक. बाल्कनमधल्या बेकरीत बुरेक मिळतो, गरमागरम, तेलकट, पोटभरीचा. पण लक्ष असू द्या: बॉस्नियात नुसतं बुरेक म्हटलं की खिम्याचंच येतं. चीजचं हवं तर सिर्नित्सा मागा, बटाट्याचं हवं तर क्रोम्पिरुशा. सर्बियात बुरेक चीजचंही असतं, तिथे "सा सिरोम" म्हणा. इलेक्ट्रालच्या पुड्या घरूनच न्या.

कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, तरी पन्नास-शंभर युरो रोख ठेवा. युरोपीय संघाचं सिमकार्ड बॉस्निया, सर्बिया, अल्बानियात बहुधा रोमिंगमध्ये चालत नाही. नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या.

पायरी ७: झोप

जिंकणारे दोन-तीन तास झोपतात, म्हणून तुम्हीही तसं करू नका. पहिल्या खेपेला रोज साडेचार-पाच तास झोप आखा. सुरुवातीची पहिली रात्र बहुतेक जण जागून काढतात, कारण शर्यत बरेचदा रात्री सुटते आणि अंगात वीज असते. त्याची वसुली दुसऱ्या रात्री होते, म्हणून त्या रात्रीचा मुक्काम आधी ठरवून ठेवा.

बिव्ही बॅग (तंबूऐवजी वापरायची जलरोधक पिशवी) आणि पातळ स्लीपिंग बॅग असेल तर बसथांबा, फुटबॉल मैदानाची शेड, चर्चचा व्हरांडा कुठेही आडवं होता येतं. तरी दोन-तीन रात्रींआड खोली घ्या: अंघोळ, चड्डी धुणं, सगळी यंत्रं एकदम चार्ज. लहान हॉटेलांचं स्वागतकक्ष रात्री दहाला बंद होतं, तेव्हा बुक करतानाच उशिरा येतोय असा निरोप टाका.

रस्त्यावरची पांढरी रेघ वळवळायला लागली, झाडांत माणसं दिसायला लागली, किंवा मागचे पाच किलोमीटर कसे गेले ते आठवेना झालं, की तो थांबण्याचा इशारा नसून थांबायला उशीर झाल्याची खूण आहे. तिथेच सुरक्षित जागा बघून वीस मिनिटांचा गजर लावा. उतारावर झोप येत असेल तर खाली पोचायची वाट बघू नका.

पायरी ८: शरीर कुठे दगा देतं

बहुतेक वेळा फुप्फुसं आणि मांड्या टिकतात. बुड, मान, बोटं आणि टाचेचा स्नायूबंध बोलतात. बुडासाठी रोज स्वच्छता, क्रीम, आणि फोड येण्याआधीच लक्ष. मान इतकी थकू शकते की डोकं वर उचलेनासं होतं. याला शर्मर्स नेक म्हणतात आणि यावर रस्त्यावर इलाज नाही, फक्त महिनोन्‌महिने मानेचे व्यायाम आणि हँडल थोडं उंच. करंगळी-अनामिका बधिर होणं सर्रास आहे. दुहेरी बारटेप लावा, हात हलवत राहा. टाच दुखू लागली तर पहिल्याच दिवशी सीट दोन-तीन मिलिमीटर खाली घ्या.

पूर्वेकडे रुमानिया, बल्गेरिया, ग्रीस, तुर्कस्तानात मोकाट कुत्री मागे लागतात. आपल्याला हे नवीन नाही. आपल्या गल्लीतलाच उपाय तिथेही चालतो: वेग कमी करून जोरात ओरडा, नाहीतर उतरून सायकल मध्ये धरा.

पायरी ९: सोडायचं ठरलं तर, आणि पोचलात तर

शर्यत सोडण्याला स्क्रॅच म्हणतात आणि दरवर्षी कितीतरी जण, अनुभवीसुद्धा, स्क्रॅच करतात. माझा नियम साधा: रात्री, उपाशीपोटी आणि भिजलेलं असताना हा निर्णय घ्यायचा नाही. खा, झोपा, सकाळी ठरवा. अपवाद दोनच: डोक्याला मार बसला असेल, किंवा गाडी चालवणाऱ्यांना तुम्ही दिसत नाही आहात असं वाटत असेल. मग लगेच थांबा. आयोजकांना कळवा, ट्रॅकर बंद करा, आणि जवळचं रेल्वे स्थानक गाठा. छोट्या लोकल गाड्यांत सायकल बहुधा घेतात, वेगवान गाड्यांत आरक्षण लागतं. म्हणून मार्ग आखतानाच वाटेवरची स्थानकं खुणावून ठेवली तर बरं.

पोचलात तर पहिले दोन दिवस पावलं सुजलेली असतील आणि तुम्ही रात्री तीनला उठून सायकल शोधाल. परतीचं विमान त्यामुळे तीन-चार दिवस पुढचं आणि तारीख बदलता येणारं घ्या. पोचण्याच्या शहरातल्या एखाद्या सायकलच्या दुकानाला आधीच मेल करून पुठ्ठ्याचं खोकं राखून ठेवायला सांगा. शर्यत संपते त्या आठवड्यात त्या गावात खोक्यांची टंचाई असते. आणि बोटं बधिर असताना पेडल काढायला आठ मिलिमीटरची ॲलन की लागते, ती दुकानातूनच मागून घ्या. मल्टिटूलच्या आखूड दांड्याने ते काम होत नाही.